खासबागेच्या भिंतीला लागून

कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना पाठ टेकून उभे आहेत. बाहेरगावच्या पाहुण्याला हा शेजार विचित्र वाटतो. एकीकडं तांबडी माती, हलगी, शड्डूचा आवाज. भिंतीपलीकडं ऑर्गन आणि नांदी. आम्हा मंगळवार पेठेतल्या पोरांना त्यात काही वेगळं आहे हे ठाऊकच नव्हतं. दुपारी मैदानात बसलेला माणूस रात्री नाटकाला दिसायचा. डोक्यावर तोच फेटा असायचा आणि दाद देण्याचा दमही तोच. चीतपट झाली की जसा उठून ओरडायचा, तसाच एखादी तान समेवर आली की अर्धा उठायचा.

हा शेजार आपोआप जमून आलेला नाही. तो शाहू महाराजांनी ठरवून घडवला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी 1902 मध्ये ते विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तशी जागा आपल्या गावाला हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं. 1907 मध्ये काम सुरू होऊन 1912 मध्ये मैदान उभं राहिलं. मधे खोलगट आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक आणि कुठंही बसलं तरी कुस्ती नजरेआड न होणारी मांडणी. त्यानंतर वर्षभरातच शेजारी नाट्यगृहाचं काम निघालं. 1913 ते 1915 असं ते चाललं. मधेच युरोपात महायुद्ध पेटलं, तरी इथलं काम थांबलं नाही. नाव ठेवलं पॅलेस थिएटर.

आमचे पणजोबा त्या कामावर सुतार होते. त्यांचं नाव कुठल्या दप्तरात सापडणार नाही, पण आमच्या माळ्यावर त्यांची एक पटाशी आणि झिजलेला रंधा अजून आहे. त्यांचा मुलगा म्हणजे माझे आबा. ते दहा वर्षांचे असताना थिएटर उभं राहिलं आणि पुढं जाणतेपणी ते तिथंच पडदे ओढायला लागले. मला जे कोल्हापूर कळलं ते आधी आबांच्या तोंडून, मग पुस्तकांतून. पुस्तकांत सनावळ्या नीट होत्या, पण छपराच्या कैच्या वर चढवताना दोरखंडाला किती माणसं लागली, हे त्यांत नव्हतं. आबांना ते ठाऊक होतं. त्यांनी ते बापाच्या जेवणाचा डबा पोचवताना खाली उभं राहून बघितलं होतं.

आबा सांगायचे की छपराच्या कैच्या भिंतीवर बसवल्या तेव्हा गावातल्या कारभारी माणसांना धीर निघेना. एवढं रुंद सभागृह आणि मधे एक खांब नाही! लोकांनी महाराजांना खांब घालायला सुचवलं म्हणे. घरात सांगतात ते असं, की महाराज एका सकाळी कामावर आले, अर्धवट रंगमंचावर एका गवंड्याला उभं केलं आणि स्वतः थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "बोल," म्हणाले. तो बिचारा काय बोलणार? त्यानं घाबरत आपलं नाव, गाव आणि रोजाचे पैसे सांगितले. महाराज तिथूनच म्हणाले, "रोज कमी पडतोय की रे तुला." आबा ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी मान हलवून म्हणायचे, "मापं कागदावर निघत्यात लेकरा, पर आवाज भिंतीपाशी कळतोय."

गोष्ट शंभर वर्षं तोंडातोंडी फिरली आहे. तिच्या कडा घासल्या असतील. पण त्या सभागृहात आमच्या पिढीनंही मायक्रोफोनशिवाय नाटकं ऐकली आहेत आणि शेवटच्या रांगेत पोचलेलं वाक्य पहिल्या रांगेइतकंच स्वच्छ असायचं. रंगमंचाखाली पाण्याचा चर आहे, त्यामुळं आवाज घुमतो, असंही जुनी माणसं सांगत. आबा म्हणायचे, रात्री सगळं सामसूम झालं की फळ्यांवर पाऊल टाकताना खालची पोकळी तळव्याला कळते.

मला त्या गवंड्याच्या गोष्टीत आवाजापेक्षा मागची भिंत महत्त्वाची वाटते. सगळ्यात स्वस्त तिकीट तिथलं असतं. राजानं आपली खुर्ची जिथं पडणार तिथून आवाज तपासला नाही, तालमीतला पोरगा जिथं बसणार तिथून तपासला. महाराजांच्या कलाश्रयाबद्दल जे जे वाचलं, जे जे ऐकलं, त्यात मला ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. दरबारात कलावंत ठेवणं ही त्या काळच्या संस्थानांची रीतच होती. बडोद्याला, म्हैसूरला, इंदूरला मोठमोठे गवई होतेच. महाराजांनी कलावंत आणि गाव यांच्यामधली वाट मोकळी केली. दरबार संपला तरी ती चालती राहिली, ती त्यामुळं.

ते गादीवर आले 1894 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली गेली आणि अल्लादियाखाँसाहेब दरबारात आले. गुळाची बाजारपेठ आणि जयपूर घराण्याचं गाणं कोल्हापुरात एकाच सुमारास रुजलं, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यानंतर लगेच दुष्काळ आला, प्लेग आला. पुढं शाळा, वसतिगृहं, राधानगरीचं धरण, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखणारा 1902 मधला जाहीरनामा, अशी कामांची रीघ लागली. एवढ्या सगळ्यात गाणं म्हणजे चैन, असं म्हणायला कुणालाही जागा होती. महाराजांनी खाँसाहेबांना हलू दिलं नाही. 1895 पासून महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, हा माणूस कोल्हापूरचा राहिला.

खाँसाहेब मूळचे उनियाऱ्याचे. तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात रात्रंदिवस गाऊन गाऊन त्यांचा आवाज फुटला होता. तो पुन्हा कमावताना त्यांनी गाण्याची घडणच बदलली. पेचदार, लयीशी गुंतलेल्या ताना, अनवट राग, जोडराग. असं अवघड गाणं गावाच्या कानात मुरायला काळ जावा लागतो. एका मैफलीत ते कळत नाही. तो काळ कोल्हापूरला मिळाला. गायन समाज देवल क्लब 1883 पासून गावात होताच. बाबासाहेब देवलांच्या नावाची ही संस्था हौशी माणसांनी चालवलेली. म्हणजे दरबारात गवई आणि गावात ऐकणारे, दोन्ही होते. गोविंदराव टेंबे याच मातीतले. त्यांनी पेटीवर आणि पुढं लेखणीनंही खाँसाहेबांची आठवण जपली. भास्करबुवा बखले खाँसाहेबांकडं शिकले आणि बालगंधर्वांना त्यांनी शिकवलं. अशा रीतीनं हे गाणं नाटकात उतरलं आणि ज्याला रागाचं नाव माहीत नाही त्याच्या ओठावर गेलं.

माझी थोरली आत्या अंबाबाईच्या देवळात रोज जायची. तिला गाण्यातलं शास्त्र कळत नव्हतं. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब देवळात गात, ते तिनं ऐकलं होतं. ती म्हणायची, "एक मुसलमान म्हातारा देवीपुढं डोळं मिटून गायचा बघ. आम्ही फुलं वाहायचं थांबायचो." यापुढं ती काही बोलत नसे, हात तसाच अधांतरी धरून दाखवायची. महाराजांच्या मागं अल्लादियाखाँसाहेब मुंबईला गेले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हा पुढचा सगळा थोर इतिहास मुंबईत घडला. भुर्जीखाँसाहेब मात्र कोल्हापुरात राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले आणि इथल्याच धोंडूताई कुलकर्णीही. राजाश्रय संपल्यावर वीसेक वर्षांनी एका सामान्य घरातल्या मुलीला त्याच गावात ते गाणं मिळालं. आत्यानं दाखवलेला तो थांबलेला हात मला त्या सगळ्या परंपरेचा एक धागा वाटतो. ऐकणाऱ्या बायाबापड्यांशिवाय कुठलंच घराणं टिकलेलं नाही.

बालगंधर्वांची गोष्ट तर आमच्याकडं घराघरात सांगतात. नारायण राजहंस नावाचा पोरगा गाण्यासाठी महाराजांपुढं आला. आवाज असा की महाराज भारावले, पण पोराचा एक कान दुखरा होता, ऐकायला कमी येत होतं. महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचारांसाठी धाडलं आणि किर्लोस्कर मंडळींच्या कानावर त्याचं नाव घातलं. 1905 मध्ये मिरजेलाच 'शाकुंतला'त तो शकुंतला म्हणून उभा राहिला. बक्षीस म्हणून पोराच्या हातात सोन्याचं कडं घालून घरी पाठवणं सोपं होतं. आधी कान बघा, हे ज्याला सुचतं त्याला गाण्याची खरी काळजी. आणि योगायोग पाहा, दोघांचाही जन्मदिवस 26 जूनच; महाराजांचा 1874 मधला, बालगंधर्वांचा 1888 मधला.

केशवराव भोसले मात्र आमच्या गावचेच. 9 ऑगस्ट 1890 चा जन्म. अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेले आणि सतराव्या वर्षी, 1 जानेवारी 1908 रोजी, हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला मराठा घरातला पोरगा संगीत रंगभूमीचा मालक होतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आबांच्या तोंडी त्यांचं नाव नेहमी 'केशवराव मालक' असंच यायचं. त्यांची तान वरच्या पट्टीत गेली की माळ्यावरची कबुतरं उडायची, असं आबा अगदी गंभीरपणे सांगायचे, आणि मी ते अजून खरं मानतो.

8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. कोल्हापुरातून काही मंडळी खास रेल्वेनं गेली होती आणि परत आल्यावर महिनाभर चौकाचौकात तोच विषय होता. आबा तेव्हा सोळा वर्षांचे. प्रयोग त्यांनी पाहिला नाही, पण पाहून आलेल्यांकडून इतक्यांदा ऐकला की कुठल्या पदाला कुणाला किती 'वन्स मोअर' मिळाले ते मोजून सांगायचे. कोल्हापूरकरांच्या हिशेबात अर्थातच केशवराव पुढं असायचे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. वय एकतीस. आणि पुढच्या 6 मे रोजी मुंबईत महाराजही गेले, अठ्ठेचाळिसावंही पुरं न करता.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ती हातानं काम करणाऱ्या माणसांची आहे.

बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे कारागिरांच्या घराण्यातले. लाकूड, दगड, हस्तिदंत, रंग, यंत्र, कशालाही हात लावावा आणि ते वश व्हावं, अशी घरची विद्या. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात या दोघांचा हात धरणारं त्या वेळी कुणी नव्हतं. मराठी कंपन्याच काय, गुजराती आणि पारशी कंपन्याही त्यांच्याकडून पडदे करून घेत. आबांनी ते पडदे हाताळले होते. राजवाड्याच्या पडद्यातल्या खांबांवर उजेड कुठून पडतो हे पाहून दिवे लावावे लागत, नाहीतर चित्रातली सावली आणि रंगमंचावरची सावली एकमेकींशी भांडतात, ही शिकवण आबांना तिथं मिळाली. आनंदरावांना चलच्चित्राचं वेड लागलं. कॅमेरा आपणच बनवायचा, हा ध्यास घेऊन ते 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरात, पुस्तकी इंजिनिअरिंगचा एक धडा न शिकता! गावानं त्यांचं आडनाव पुसून 'पेंटर' हेच नाव त्यांना दिलं.

महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती कुणाच्या पैशावर? तानीबाई कागलकरांच्या. त्या गायिका होत्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. दरबारानं गवई आणला, गवयानं एका बाईला गाणं दिलं, त्या गाण्यावर तिनं कमावलं आणि त्या कमाईतून एका सुतार-चिताऱ्याच्या हातात चित्रपटाची कंपनी आली. हे कुणी कागदावर आखून होत नाही. पण गावाची हवा तशी असावी लागते, आणि ती हवा महाराजांनी पंचवीस वर्षं जपली होती. 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. पुढं बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं, म्हणजे दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, यांनी सीतारामपंत कुलकर्णींना बरोबर घेऊन 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, ते कागलचे. महाराजांचं जन्माचं घराणं घाटग्यांचं, तेही कागलचंच. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसला वाखाणला गेला तेव्हा महाराजांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

आबालाल रहिमानांबद्दल थोडं सांगायलाच हवं. जे. जे. मध्ये शिकून आलेला, दरबारचा चित्रकार म्हणून नेमलेला हा माणूस फकिरासारखा कोटितीर्थाच्या काठी राहिला. निसर्ग रंगवायचा, आणि दरबारी चित्रकार असूनही त्याच्या कुंचल्यावर दरबाराची सक्ती नव्हती. महाराज गेल्यावर त्यानं आपली शेकडो चित्रं तळ्यात सोडून दिली, असं गावात सांगतात. आबा ही गोष्ट सांगताना कोटितीर्थाकडं तोंड करून बसायचे. आबालाल 1931 मध्ये वारले. त्यांची जी चित्रं वाचली त्यांतला पाण्यावरचा उजेड पाहिला की वाटतं, बुडालेल्या चित्रांत कोल्हापूरच्या किती सकाळी गेल्या असतील! कोल्हापूरच्या चित्रकारांच्या पुढच्या तीन पिढ्या मात्र रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर पेट्या उघडून बसायला त्यांच्यापासूनच शिकल्या.

संस्थान 1949 मध्ये विलीन झालं. थिएटर नगरपालिकेकडं आलं. 1957 मध्ये गावानं त्याला नाव दिलं ते केशवराव भोसल्यांचं. बांधलं राजानं, नाव लागलं नटाचं. मला वाटतं, महाराजांनाही हेच आवडलं असतं. नगरपालिकेच्या काळात आबा पडद्यावरून निवृत्त झाले तरी प्रयोगाच्या दिवशी मागच्या दारानं आत जाऊन बसायचे, आणि मला बरोबर न्यायचे. मोठ्या कंपन्यांची नाटकं मी तिथं पाहिली. पण मला खरं वेड लावलं ते राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी मंडळींनी. कुणी गिरणीतला, कुणी शिक्षक, कुणी सराफकट्ट्यावरचा चांदी कारागीर. दिवसभर काम करून रात्री तालीम. महाराजांनी बांधलेल्या त्या रंगमंचावर या माणसांना भीती वाटत नसे, आणि जागा खरी चांगली आहे हे मी त्यावरून ओळखलं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही पेठेतली माणसं रस्त्यावर उभी होतो. कुस्ती करणारी पोरं, नाटकातली पोरं, म्हाताऱ्या बायका, सगळी एकाच ठिकाणी. पणजोबांच्या वेळचं लाकूड जळताना पाहणं म्हणजे काय, हे मी लिहू शकत नाही. दगडी भिंती आणि दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. पहाटेपर्यंत गावात एकच मागणी झाली होती: होतं तसंच पुन्हा बांधा.

होतं तसं बांधायचं म्हणजे नुसत्या कैच्या आणि कमानी नव्हेत. माझा पुतण्या हौशी नाटकांना प्रकाशयोजना करतो. आग लागल्यापासून त्याची मंडळी मिळेल त्या हॉलमध्ये तालमी करतात, बहुतेकदा शाळा सुटल्यावरच्या वर्गात. त्याला मी विचारलं, नवीन थिएटरमध्ये तुला काय हवंय? दिव्यांची मोठी यादी येईल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "काका, दिवं आम्ही भाड्यानं आणतोच की. भाडं परवडंल असं ठेवा म्हणावं, आणि तालमीला महिन्यातलं चार दिवस तरी तोच रंगमंच द्या." मी त्याच्या मंडळींना त्यावर महापालिकेच्या नावे अर्ज लिहून दिला आहे. खाली सह्या नाटकवाल्यांच्या आहेत, देवल क्लबात गाणं ऐकायला येणाऱ्यांच्या आहेत, आणि मंगळवार पेठेतल्या दोन तालमींच्या वस्तादांच्याही आहेत. त्या सह्यांसाठी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.